बगळे कुणाला भ्याले

१९ नोव्हेंबर

आज रक्त करायला शिकले. कॉम्प्युटरवर. एका माणसाच्या छातीत गोळी लागते आणि तो मागे कोसळतो, एवढीच क्लिप. गोळी मी घातली, बंदुकीच्या तोंडाचा जाळ मी घातला, आणि छातीतून उडणारं रक्तही माझंच. पहिल्या वेळी ते असं लालभडक झालं की मला शिकवणाऱ्या अंबरीनबाजी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "ह्ये रगत हाय का शरबत? रमजानात वाटू का लोकायला?" मग त्यांनी रंग उतरवायला लावला, कडा काळपट करायला लावल्या. शर्टावर डाग पसरायला बारा फ्रेम द्यायच्या. बारा फ्रेम म्हणजे अर्धा सेकंद. तेवढ्यात माणूस मरतो.

बाजींची अट आहे की रोज शिकलेलं वहीत उतरवायचं, फ्रेमच्या आकड्यांसकट. "मशीन दगा देतंय बेटा, वही न्हाई देत." वही दोनशे पानी आहे, तेव्हा धड्याबरोबर मी माझंही लिहिणार. न विचारता कुणी वाचलं तर तंगडं मोडीन.

त्यांचं दुकान जाफराबादला बसस्टँडच्या मागे. नूर व्हिडिओ मिक्सिंग. त्यांचे वडील ख्वाजामियाँ यांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. त्यांनी हाताने रंगवलेले पडदे अजून भिंतीला गुंडाळून ठेवलेत: एक बंगल्याचा, एक विमानाचा, एक धबधब्याचा. आता लग्नाचे व्हिडिओ चालतात. बाजी ते जुळवतात, त्यांत फुलं, नावं, ढग, पऱ्या घालतात. धाकटा भाऊ तन्वीर ड्रोन उडवतो. धुळीने खराब होऊ नये म्हणून त्याच्या अम्मीने ड्रोनच्या बॅगेला पांढऱ्या चादरीची जाड खोळ शिवली आहे. तो पाठीवर ती घेऊन मोटरसायकलवर निघाला की मी म्हणते, "काय तन्वीर, कापसाचं बोचकं जिनिंगवर चाललं का?" तो चिडत नाही. कधीच चिडत नाही, मूर्ख.

मी रोज टेंभुर्णीहून काळीपिवळीने येते. फी नाही, त्याऐवजी काम करायचं. आईला वाटतं मी टायपिंग शिकते.

२७ नोव्हेंबर

काल माझ्या भावाचा, आदिनाथदादाचा वाढदिवस झाला. त्याच्यासाठी मी चार दिवस खपून रील केली. दादा काळ्या जीपमधून उतरतो, खांद्यावर तलवार, मागे अख्खी जीप पेटते आणि तो मागे वळूनही बघत नाही. आगीचे तीन थर, वर ठिणग्या, ज्वाळांचा उजेड दादाच्या गालावर. धूर पांढरा ठेवला, देखणा दिसतो. चौकात पडदा लावून दाखवली तेव्हा गाव गारच पडलं.

केक तलवारीने कापला. वाळूच्या हायवा डंपरच्या एका ड्रायव्हरने टाळ्या वाजवायला उशीर केला, तर दादाने त्याला अशी सणसणीत ठेवून दिली की तो केकवरच पडला. नाकातून रक्त आणि त्यावर पांढरी क्रीम. सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर मला वाटलं, त्या रक्ताचा रंग नीट बघायला हवा होता.

दादाचे दोन हायवा चोरून वाळू वाहतात. आबा-अण्णा कुणाचं त्याच्यापुढे चालत नाही. वडील होते तेव्हा ते आईला बैलाच्या कासऱ्याने मारायचे. ते गेले त्या वर्षी दादा सोळाचा होता आणि त्या दिवसापासून या घरावर कुणाची बोट उचलायची हिंमत झाली नाही. हे मी विसरत नाही.

आईचा मात्र मला राग येतो. जीपचा आवाज फाट्यावर आला की ती हातातलं टाकून उठते, पाण्याचा गडवा भरते आणि भिंतीला लागून उभी राहते. मुलगा म्हणजे देव! मी उन्हातून आले तर ही बसल्या जागेवरून विचारते, "आलीस व्हय?" माझ्यासाठी कधी उठलीय?

९ डिसेंबर

आजचा धडा: साफ करणे. म्हणजे चित्रातली नको ती वस्तू काढून टाकायची आणि तिथे मागची जागा भरायची, असं की काही होतंच कुठे, हे कळू नये.

एका लग्नाआधीच्या गाण्याचं शूटिंग तन्वीरने पूर्णेच्या काठी केलं. वरून घेतलेला फार सुंदर तुकडा आहे. नवरी ओढणी उडवत धावते, आणि मागे नदीच्या पात्रात दोन हायवा आणि एक पोकलेन वाळू उपसताहेत. मी हायवा ओळखले, दादाचेच. हसायलाच आलं. बाजींनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

दिवसभर बसून दोन्ही हायवा काढले, पोकलेन काढलं, पाण्यातल्या त्यांच्या सावल्यासुद्धा काढल्या. छाती फुगवून बाजींना दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं, परत लावलं आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. पात्रातून बगळ्यांचा थवा एकदम उडतो. हायवा मागे सरकतो म्हणून तो उडाला होता. आता हायवाच नव्हता.

"बगळे कुणाला भ्याले?" बाजींनी विचारलं.

मी बगळे मोजत राहिले.

"तुझ्या फुफूला? आता ऐक. चीज साफ करणं सोपं असतंय. त्या चीजला भिऊन जे हाललं, ते बी बघावं लागतंय. न्हाई तर कुणी बी येडा पकडतो तुला."

बगळे काढायला आणखी तीन तास लागले. शेवटची काळीपिवळी चुकता चुकता राहिली.

१० डिसेंबर

माझी एक खोड आहे, ती लिहूनच टाकते. काम झालं की मी त्याची आधी-नंतर करते. एकाच पडद्यावर डावीकडे मूळ, उजवीकडे माझं काम, दोन्ही एकदम चालतात. मग ते मोबाइलच्या कार्डात ठेवून ज्याला त्याला दाखवत सुटते.

आज दादाला दाखवलं. म्हटलं, "बघ, तुझ्या हायवांना मी एका दिवसात गायब केलं. तहसीलदाराला तरी जमलं का?" त्याने मोबाइल हातात घेतला. डावीकडचंच बघत राहिला. नंबर दिसतोय का म्हणून चित्र मोठं केलं. दिसत होता.

"ह्ये मूळ कुणाकडं हाय?"

"तन्वीरच्या कार्डात. तो काही फेकत नाही, कंजूष."

"बराबर," दादा म्हणाला. "साफ करायला पायजे."

"केलंय की! उजवीकडे बघ ना."

तो हसला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती वर्षांनी. माझ्या कामाची त्याने पहिल्यांदाच कदर केली. आज झोप येणार नाही.

२८ डिसेंबर

मध्ये लग्नं फार झाली, लिहायला सवड नव्हती.

तन्वीरचा ओठ फुटलाय. दार लागलं म्हणतो. दुपारी बाजी नमाजला गेल्या तेव्हा तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"दैवशाला, तू घरी काही दाखवलंस का? नदीवालं?"

माझं डोकं फिरलं. "मी काय चोर आहे का इथली? शिकलेलं घरी दाखवू पण नको?"

"चोर न्हाई म्हणालो मी. लोकं कार्ड मागून राह्यलेत. पर त्यात त्या पोरीचं अख्खं शूटिंग हाय. परायी पोरगी, हळदीचं बी हाय, न्हाणाचं बी हाय. मी कार्ड कसं दिऊ कुणाच्या हातात?"

"मग नको देऊ. मला कशाला सांगतोस?"

तो गेला. मी रागाच्या भरात एक ज्वाळा एवढी मोठी केली की नवरीचं डोकंच जळालं. मागाहून वाटलं, त्याला विचारायला हवं होतं, कोण लोक. पण विचारलं नाही.

१३ जानेवारी

तन्वीरला काल संध्याकाळी कुणीतरी उडवलं. आमच्याच रस्त्याला, टेकडीच्या वळणावर. सातच्या सुमाराला एका मेंढपाळाला तो नालीत सापडला. जालन्याला नेलंय. ड्रोन नाही, बॅग नाही. अनोळखी गाडी, असं म्हणतात.

बाजींनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली तेव्हा त्यांच्या बुरख्याच्या बाहीला रक्त होतं. वाळलेलं, तपकिरी. मला वाटलं होतं तसं काळपट नव्हतं.

ज्याने हे केलं तो सापडला तर मी त्याचे डोळे काढीन. लिहून ठेवते, काढीन.

१५ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला दादा आज स्वतः जाफराबादला दुकानात आला. मी एकटीच होते. त्याने पेनड्राइव्ह पुढे केला.

"शाले, एक काम हाय. तुलाच जमतंय ते."

साहेबरावाच्या कृषी केंद्राच्या कॅमेऱ्याची क्लिप आहे. साहेबराव दादाच्या बैठकीतला. दादा म्हणाला, "मी आईला भोकरदनला जातो म्हणलो आन् पोरांसंगं ढाब्यावर गेल्तो. ह्यात जीप दिसून राह्यली. उद्या कुणी गावच्या ग्रुपवर टाकली तर आई मला लेक म्हणायची न्हाई. जीप साफ कर."

एवढा वाघासारखा माणूस आणि आईला भितो! मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

धडा म्हणून नोंद: क्लिप बेचाळीस सेकंदांची. कोपऱ्यात वेळ १२ जानेवारी, १७:४१, ती तशीच ठेवायची असं दादाने बजावलं. आठव्या सेकंदाला एक मोटरसायकल जाते, मागे पांढरं बोचकं. ती राहू दिली. सव्विसाव्या सेकंदाला जीप उजवीकडून येते, एकोणतिसाव्याला बाहेर. सूर्य मावळतीला, त्यामुळे सावली जीपच्या दुप्पट लांब. सावली फ्रेमगणिक काढली. चाकांची धूळ काढली. पंचाहत्तर फ्रेम हाताने.

तारीख दोनदा वाचली. पण त्या दिवशी त्या रस्त्याने अर्धा तालुका गेला असेल.

रस्त्यात एक कुत्रं झोपलंय. पंचविसाव्या सेकंदाला ते उठून शेपूट घालून कडेला होतं. ते तसंच ठेवलं. नुसता रस्ता मेल्यासारखा दिसत होता, कुत्र्यामुळे जान आली.

झालं की सवयीप्रमाणे आधी-नंतर करून कार्डात टाकली. दादाला सांगितलं नाही, उगाच ओरडेल. ही माझी आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली सफाई आहे आणि ती कुणालाच दाखवता येणार नाही, एवढंच वाईट.

२४ जानेवारी

जालन्याला दवाखान्यात गेले. जाताना त्याच्यासाठी डब्यात सांजा घेतला होता, तो तसाच परत आणला.

तन्वीरची आठ बोटं मोडलीत. जबडा तारेने बांधलाय, दातांतून पुटपुटतो तेवढंच. बाजी हळू आवाजात म्हणाल्या, "गाडीनं उडवलं म्हणतेत. गाडी काय बोटं मोजून मोडती का? दगडावर एकेक बोट ठिवून लोखंडी टॉमीनं ठोकलं त्याहीनं. त्याहीची तोंडं बांधलेली होती. 'ह्या बोटानं उडवतू का?' म्हणून इचारायचे आन् ठोकायचे. कार्डाची डबी त्याच्या मोज्यात होती, ती घेतली तेव्हा थांबले."

तन्वीर माझ्याकडे बघत होता. मला त्याच्या डोळ्यांकडे बघवेना, म्हणून मी सलाईनच्या नळीकडे बघत राहिले.

मग बाजींनी मोबाइल काढला. पोलिसांनी साहेबरावाच्या कॅमेऱ्याची क्लिप घेतली होती. मशीन बिघडलंय म्हणून त्याने पेनड्राइव्हवर दिली. तन्वीरच्या मागे कुणीच नव्हतं, असं त्यात दिसत होतं, म्हणून तो अपघात.

"बघ बेटा. तुझी नजर चांगलीये."

मोटरसायकल गेली. पांढरं बोचकं गेलं. ते बोचकं नव्हतं. ती चादरीची खोळ होती, मी शंभर वेळा थट्टा केलेली. रस्ता मोकळा. कुत्रं उठलं, शेपूट घालून कडेला झालं. रस्ता मोकळा.

बाजींनी परत लावली. परत लावली.

"रस्ता साफ हाय," त्या म्हणाल्या. "मंग कुत्रं कुणाला भ्यालं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. शिवी दिली असती, झिंज्या धरल्या असत्या तर मला श्वास तरी घेता आला असता. त्यांनी फक्त तन्वीरच्या उशाखालची चादर नीट केली.

बसमध्ये मला वहीची मागची पानं आठवली. दहा डिसेंबर. डावीकडे मूळ, नंबर दिसतोय का बघणारा दादा, मूळ कुणाकडे हे सांगणारी मी. कार्ड कुठे आहे ते मीच सांगितलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला म्हणून मला झोप आली नव्हती.

आता जीपचा आवाज येतोय. आई उठली. मी त्याला विचारणार आहे.

२९ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर कोंबडीच्या पायाचं आलंय.

त्या संध्याकाळी मी दादाला उंबऱ्यातच अडवलं. म्हटलं, "तन्वीरची बोटं तू मोडलीस."

तो जेवायला बसल्यासारखा शांत होता. "मी कुठं? रस्त्यावर कुणी दिसून राह्यलं का? तूच तर साफ केला."

मी खलबत्त्यातला बत्ता उचलून फेकला. त्याच्या कानावर बसला. रक्त आलं, गडद, कडेला काळपट. बाजींनी शिकवलेलं बरोबर होतं, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मग त्याने मला केसांनी धरून भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. बुटाने बरगडीत. आणि तेव्हा मी, मूर्ख, जन्माची मूर्ख, तोंडाने बोलले, "मूळ आहे माझ्याकडे! दुकानात मशीनवर आहे! सगळं आहे!"

तो थांबला. कधी बोलायचं नाही हे मला कधी कळणार?

त्याने माझा मोबाइल घेऊन पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने चुरा केला. मग माझा उजवा हात धरला, दाराच्या फटीत घातला आणि दार ओढलं. तीन बोटं. आवाज ओल्या काटकीसारखा आला. आई भिंतीला लागून उभी होती. तिच्या हातात पाण्याचा गडवा होता. तो तिने शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

मला मधल्या खोलीत कोंडलंय. बोटांना आईने हळद आणि बांबूची पट्टी बांधली. मी तिला म्हटलं, "तू नुसती बघत उभी होतीस." ती म्हणाली, "तुझ्या बापापासून बघून राह्यले." आणि बाहेरून कडी लावली.

३१ जानेवारी

दादाने कडी काढून मला व्हिडिओ दाखवला. दुपारची वेळ, नूर व्हिडिओ मिक्सिंग, शटर अर्धं वर, आत आग. बाजी आणि ख्वाजामियाँ दवाखान्यात होते, दुकान बंदच होतं.

"बघ शाले. तुझ्यापरीस झ्याक आग हाय का न्हाई?"

माझ्या आगीत धूर पांढरा होता. खरा धूर काळाकुट्ट असतो आणि खाली खाली उतरतो. माझ्या ठिणग्या वर उडायच्या, खऱ्या इकडेतिकडे पळतात. कॉम्प्युटरचे पडदे फटाफट फुटत होते. शेवटी कुणीतरी आत कॅमेरा वळवला, तर भिंतीवर ख्वाजामियाँचा पडदा उलगडला होता आणि धबधबा जळत होता. पाणी पेटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तो माणूस दोन महिने शिडीवर उभा राहून ते रंगवत होता, बाजींनी मला सांगितलं होतं.

व्हिडिओत हसणारा आवाज दादाचा आहे. मी तो ओळखते. मी त्याच्याबरोबर हसलेय.

मूळ गेलं. सगळं साफ झालं. आता मी सांगितलं तरी कोण ऐकणार?

२ फेब्रुवारी

सगळं एका दमात लिहिते.

सकाळी दादा नदीवर गेला. आईने कडी काढली. दळणाचा डबा माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाली, "गिरणीवर जा. दाण्यात हात घालून बघ, किडे हायेत का."

तिच्या तोंडाकडे बघितलं, काही कळलं नाही. गावाबाहेर आल्यावर डब्यात हात घातला. ज्वारीत मिसरीची डबी होती. उघडली तर आत मोबाइलचे तुकडे. त्या दिवशी पाट्यावरून झाडलेले. काचा, एक पत्रा, आणि नखाएवढं काळं कार्ड, धड.

ते काय आहे हे आईला माहीत होतं का? मी तिला कधी विचारणार नाही.

काळीपिवळीने जाफराबाद. बाजी जळलेल्या दुकानासमोर लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर एक वितळलेला कीबोर्ड. मी कार्ड पुढे केलं. म्हटलं, "बाजी, आधी-नंतर आहे. मी नेहमी करते तशी."

त्यांनी उठून माझ्या कानाखाली अशी वाजवली की समोरचा चहावाला धावत आला. कान अजून वाजतोय. मग त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. तीन काळी-निळी बोटं, बांबूची पट्टी. आपल्या ओढणीचं टोक फाडून त्यांनी पट्टी घट्ट आवळली, इतकी की मी किंचाळले.

"चल," म्हणाल्या. "जल्दी."

ठाण्यात साहेबांनी कार्ड त्यांच्या कॉम्प्युटरला लावलं. डावीकडे मूळ, उजवीकडे माझं. मी डाव्या हाताने दाखवत गेले: ही तन्वीरची गाडी, ही खोळ. ही जीप, हा नंबर, ही सावली, ही मी पंचाहत्तर फ्रेममध्ये काढली. साहेब दोन्हींकडे आलटून पालटून बघत होते.

"पण हे दोन्ही जोडून ठेवायची काय गरज होती?"

"कुणाला तरी दाखवायला," मी म्हटलं. "माझं काम चांगलं आहे हे."

नंतर त्यांनी वही मागितली. मी दिली. पहिल्या पानावर तंगडं मोडीन असं लिहिलेलं त्यांनी वाचलं आणि पान उलटलं. सगळ्या पानांचे फोटो काढून मगच परत दिली. माझ्या अंगावर कुणी हात घातला त्याची तक्रार द्यायची का, असं विचारलं. मी हो म्हटलं. सही डाव्या हाताने केली, त्यामुळे अंगठा लागला काय आणि सही लागली काय, सारखंच.

दादाला नदीच्या पात्रातूनच उचललं. एका हवालदाराचं डोकं फुटलं म्हणतात. साहेबरावालाही घेतलं.

१९ मार्च

दादा जेलमध्ये आहे. जीप ठाण्याच्या आवारात आहे, टायर उतरलेत. चौकात माझ्या पाठीवर थुंकणारे आहेत. परवा कुणीतरी दारावर "भावाला खाणारी" असं कोळशाने लिहिलं. मी पुसलं नाही, खाली माझी सही केली.

तन्वीरची सहा बोटं हलतील, दोन नाही. तो मला भेटला नाही, मी गेलेही नाही. बाजींनी बसस्टँडजवळच एक खोली घेतली, एका जुन्या मशीनवर काम चालू केलंय. काल त्यांनी काळीपिवळीच्या ड्रायव्हरकडे एक पेनड्राइव्ह पाठवला, सोबत कागद: "एका हाताने जमेल तेवढं कर. माफ केलेलं न्हाई." मी दहा वेळा वाचला.

माझं मशीन चुलत्याच्या पोराचं, उधार आणलेलं. डाव्या हाताने माऊस धरायला शिकतेय. क्लिप लग्नाची आहे, मांडवात कुणाची तरी चप्पल दिसते ती काढायची. चप्पल काढली. मग चपलेला ठेचकाळून जी बाई वाकते तिचं काय करायचं, यावर दुपारपासून बसलेय.

आत्ता संध्याकाळी आई ओसरीत भाजी निवडत होती. मी शेजारी मशीन घेऊन बसले होते. फाट्यावरून एक जीप आली. कुणाची तरी, पाहुण्यांची असेल.

आईने भाजी खाली ठेवली. उठली. आत जाऊन पाण्याचा गडवा भरला आणि भिंतीला लागून उभी राहिली.

इतकी वर्षं मला वाटायचं, ही लेकाच्या मायेने उठते.

जीप आमच्या दारावरून पुढे गेली, वळणाला लागली, आवाज विरला. आई तशीच उभी होती, पाणी डुचमळत होतं.

"आई, कुणी न्हाई," मी म्हटलं. "बस."

ती बसली नाही. माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, मशीन जमिनीवर होतं, उजवा हात मी पदराखाली लपवला होता, आणि मीही उठून भिंतीला लागले होते.